तान्ह्या बाळाचें आरोग्य आणि गांवाचें कर्तव्य

(अभ्यासपाठ)

पाठाचा हेतु : गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचें होईपर्यंत त्याचा जीव व त्याची वाढ कशानें राखली जाते, आणि त्या कामांत आई, बाप, आजी, शेजारी व सरकारी आरोग्यसेवक यांपैकीं कोणीं काय करावें, हें समजून घेणें.

वाचकहो, खेड्यांत बाळ जन्मलें म्हणजे त्या घरच्या आनंदांत सारी आळी वांटेकरी होते. पण तेंच बाळ आठवड्याच्या आंत दगावलें, तर शेजारीपाजारी दोन शब्द बोलून परत जातात, ‘त्याचें आयुष्यच तेवढें होतें’ असें म्हणतात, आणि मागें राहिलेली बाळंतीण एकटी एका प्रश्नाशीं झगडत राहते : माझें कांहीं चुकलें काय? या प्रश्नाचें उत्तर आपणांस या पाठांत शोधावयाचें आहे. उत्तराचा सारांश आरंभींच सांगतों. बहुतेक वेळां बाळाचें आयुष्य तेवढेंच नव्हतें. आणि चूक एकट्या आईचीही नव्हती. जें ज्ञान व जें साहाय्य वेळेवर त्या घराच्या उंबरठ्याच्या आंत यावयास पाहिजे होतें, तें आलें नाहीं. तें कसें आणावें, एवढाच आजचा विषय आहे.

१. आंकडे काय सांगतात

आपल्या देशांत १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १२९ बालकें वर्षाच्या आंत मरत. २०२० सालच्या सरकारी नोंदणींत हाच आंकडा देशासाठीं २८ व महाराष्ट्रासाठीं १६ असा आढळला. पन्नास वर्षांत झालेली ही सुधारणा लहान नाहीं, व ती मनुष्यांनीं श्रम करून घडविली आहे. ज्यास आपण नशीब म्हणत होतों, त्यांतला फार मोठा भाग प्रत्यक्षांत दुर्लक्ष, अज्ञान व दारिद्र्य होता, याचा याहून ठळक पुरावा कोणता पाहिजे?

तथापि स्वस्थ बसण्यासारखी स्थिति अजून नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्याप्रमाणें देशांत हजार जन्मांमागें सुमारें ४२ मुलें पांच वर्षांच्या आंत मरतात. त्यांतील सुमारें २५ मुलें जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतच जातात. म्हणजे अर्ध्याहून अधिक मृत्यु पहिल्या चार आठवड्यांतले आहेत. आणि जीं जगतात त्यांतही, त्याच पाहणीप्रमाणें, महाराष्ट्रांत शंभरांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आहेत. खुजेपणा म्हणजे केवळ उंची कमी असणें नव्हे. शरीराला बराच काळ पुरेसें अन्न मिळालें नाहीं, किंवा वारंवार दुखणीं आलीं, त्याची ती खूण आहे. आणि त्याच काळांत मेंदूचीही वाढ होत असल्यामुळें ती उणीव शाळेच्या बाकापर्यंत मुलाच्या मागें जाते.

२. आपल्याच प्रांतांतील दोन उदाहरणें

‘मोठें इस्पितळ असल्याशिवाय कांहीं होत नाहीं’ असें जे म्हणतात, त्यांनीं पुढील दोन उदाहरणें नीट लक्षांत घ्यावीं.

पहिलें उदाहरण जामखेडचें. ज्या जिल्ह्यास पूर्वीं अहमदनगर म्हणत व आतां अहिल्यानगर म्हणतात, त्यांतील हा अवर्षणाचा तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबेल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य १९७० सालीं तेथें कामास आलें. दोघांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथें झालें होतें. दवाखान्यांत बरें केलेलें मूल कांहीं दिवसांनीं त्याच दुखण्यानें पुन्हां दवाखान्यांत येतें, कारण दुखण्याचें मूळ दवाखान्यांत नसून घरांत, विहिरींत व रिकाम्या मडक्यांत असतें, हें त्यांनीं ओळखलें. गांवकऱ्यांस विचारलें तेव्हां त्यांची पहिली मागणी औषधाची नसून अन्नपाण्याची निघाली. म्हणून मुलांसाठीं गांवचा सामाईक स्वयंपाक व पिण्याच्या पाण्याची सोय यांपासून कार्याचा आरंभ झाला.

पुढें खेड्यांत शिकलेल्या परिचारिका ठेवून पाहिल्या. पण तो उपाय नीट लागू पडला नाहीं. परक्या ठिकाणची शिकलेली मुलगी एकटी खेड्यांत राहणें कठीण, आणि गांवच्या बायकाही तिच्याशीं मनमोकळें बोलत ना. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक विश्वासू बाई निवडावी व तिला शिकवावें असें ठरलें. त्यांतील पुष्कळ बायकांना अक्षरओळख नव्हती. कित्येकजणी दलित समाजांतील होत्या. त्या ठरलेल्या दिवशीं जामखेडास येऊन एखादा विषय शिकत, आणि गांवीं परत गेल्यावर तोच दारोदार जाऊन सांगत : गरोदर बाईनें काय खावें, बाळाला पहिलें दूध केव्हां द्यावें, हगवणींत काय करावें. आरंभीं त्या भागांत हजारांमागें १७६ बालकें वर्षाच्या आंत मरत असत. पंचवीस वर्षांनीं ती संख्या तिसांच्या खालीं आली. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. परंतु त्या बायका नसत्या तर ही संख्या उतरली नसती, हें आरोळे दांपत्य स्वतःच सांगत असे.

दुसरें उदाहरण गडचिरोलीचें. हा जंगलाचा व मुख्यतः आदिवासी वस्तीचा जिल्हा. तेथें डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं ‘सर्च’ या संस्थेच्या द्वारें असा प्रश्न हातीं घेतला कीं, ज्या घरापासून इस्पितळ दूर आहे, व ज्या घरांत बाळंतीण महिनाभर बाहेर पडत नाहीं, तेथील नवजात बाळास वांचवावयाचें कसें? त्यांनीं ३९ गांवांत एकेक बाई निवडून तिला शिकविलें, व तिला ‘आरोग्यदूत’ असें नांव दिलें. ती घरीं जाऊन बाळाचें वजन करी, श्वास मोजी, त्याला ऊब कशी द्यावी हें दाखवी, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळास श्वास घेण्यास मदत करी, आणि रक्तांत जंतुदोष झाल्याचीं चिन्हें दिसल्यास शिकविलेलें औषधही देई. हें काम १९९५ पासून चाललें. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला : जेथें ही व्यवस्था नव्हती अशा शेजारच्या गांवांशीं ताडून पाहतां या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले होते. पुढें २०११ सालीं भारत सरकारनें हीच गृहभेटींची रीति ‘आशा’ सेविकांच्या द्वारें देशभर सुरू केली.

या दोन उदाहरणांत समान असें काय आहे? दोन्ही ठिकाणीं ज्ञान डॉक्टरांच्या मेजावर राहिलें नाहीं. तें शेजारणीच्या तोंडून घरांत गेलें. आणि शेजारीण दोष द्यावयास गेली नाहीं. मदत करावयास गेली. आतां ती शेजारीण घरांत जाऊन काय सांगते, तें क्रमानें पाहूं.

३. जन्मापूर्वींची तयारी

बाळाची काळजी त्याच्या जन्मापूर्वींच सुरू होते. लहान वयांत लग्न झालेल्या, स्वतःची वाढ पुरी न झालेल्या मुलीचें बाळ बहुधा कमी वजनाचें उपजतें. म्हणून अठरा वर्षांपूर्वीं मुलीचें लग्न न करणें हा कायदा तर आहेच, पण तो येणाऱ्या बाळाचा पहिला औषधोपचारही आहे. गरोदर बाईची निदान चार वेळां तपासणी व्हावी; धनुर्वाताची लस टोंचून घ्यावी; लोहाच्या गोळ्या रोज घ्याव्या. ‘जास्त खाल्लें तर बाळ मोठें होऊन अडेल’ ही समजूत घातक आहे. तिला रोजच्यापेक्षां जास्त जेवण व दुपारचा विसांवा पाहिजे. सर्वांचें झाल्यावर उरलेल्यांतून सुनेनें जेवावें, ही रीति निदान या नऊ महिन्यांत तरी मोडावी. दोन बाळंतपणांत अंतर ठेवणें हेंही आई व मूल या दोघांच्या हिताचें आहे. एक मूल दोन वर्षांचें झाल्याखेरीज पुन्हां दिवस राहूं देऊं नयेत.

४. पहिले अठ्ठावीस दिवस

या काळांत बाळाचे तीन शत्रु असतात : थंडी, उपास व जंतु.

थंडी : नऊ महिने आईच्या उदरांत उबेंत राहिलेलें बाळ बाहेर येतांच गार पडूं लागतें. त्याला लगेच कोरड्या मऊ फडक्यानें पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावें व वरून पांघरूण घालावें. जन्मल्याबरोबर न्हाऊं घालण्याची आपल्याकडे मोठी घाई असते. परंतु निदान एक दिवस स्नान घालूं नये, आणि बाळ अडीच किलोपेक्षां कमी वजनाचें असेल तर परिचारिका सांगेल तोंवर थांबावें. कमी वजनाच्या बाळास आईच्या छातीशीं सतत बांधून ठेवण्याच्या रीतीस ‘कांगारू’ रीति म्हणतात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पांच देशांतील इस्पितळांत केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, फार कमी वजनाच्या बाळांना प्रकृति स्थिरावण्याची वाट न पाहतां जन्मानंतर लगेच असें ठेवल्यास मृत्यु सुमारें चतुर्थांशानें कमी होतात. यास यंत्र लागत नाहीं, वीज लागत नाहीं. आई थकली तर बापानेंही बाळास असेंच छातीशीं धरावें.

उपास : प्रसूतीनंतर पहिल्या तासाच्या आंत बाळास अंगावर पाजावें. प्रथम येणारें घट्ट, पिवळसर दूध, ज्यास आपण चीक म्हणतों, तें जड म्हणून पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत अजून आहे. त्या चिकांत रोगाशीं लढण्याची शक्ति असते. तें टाकणें म्हणजे बाळाची पहिली लसच मातींत ओतणें होय. तरी वर सांगितलेल्या पाहणींत देशभरांत शंभरांपैकीं सुमारें ४२ मुलांनाच पहिल्या तासांत आईचें दूध मिळालें होतें. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहींही देऊं नये : गुटी नको, मध नको, साखरपाणी नको, गाईचें दूध नको, साधें पाणीही नको. उन्हाळ्यांतसुद्धां आईच्या दुधांतून बाळास पुरेसें पाणी मिळतें. मध तर वर्षाचें होईपर्यंत देऊंच नये. त्यांतील एका जंतूनें तान्ह्या बाळाचे स्नायु दुर्बळ होऊन जिवावर बेतूं शकतें.

जंतु : बाळास घेण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. नाळेवर राख, हळद, शेण, तेल यांपैकीं कांहीं लावूं नये. ती कोरडी ठेवावी, ती आपोआप गळून पडते. डोळ्यांत काजळ घालूं नये. आणि बाळास डागण्याची दुष्ट चाल जेथें कोठें असेल, तेथें ती निश्चयानें बंद करावी. आधींच दुखण्यानें क्षीण झालेल्या जिवास तापलेल्या लोखंडाचा चटका दिल्यानें रोग जात नाहीं. एक नवी जखम मात्र होते.

पुढील चिन्हें दिसल्यास रात्र आहे कीं दिवस आहे हें न पाहतां बाळास दवाखान्यांत न्यावें : बाळ दूध ओढीत नाहीं, अंग गार लागतें किंवा तापलें आहे, तें मलूल पडून हालचाल करीत नाहीं, श्वास मिनिटास साठ किंवा अधिक होतो, श्वास घेतांना छाती आंत ओढली जाते, झटके येतात, नाळेंतून पू येतो, तळहात व तळपाय पिवळे दिसतात. मोठ्या मनुष्याच्या दुखण्यास दिवस लागतात, बाळाचें दुखणें तासांत वाढतें. म्हणून ‘उद्यां पाहूं’ हा शब्द येथें वापरूं नये.

५. सहा महिन्यांनंतर वरचें अन्न

सहा महिने पुरे झाले म्हणजे केवळ आईचें दूध पुरत नाहीं. या वेळीं आपल्याकडून दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी उष्टावणाचा दिवस लांबवीत वर्षापर्यंत नेतात. आणि कोणी वेळेवर आरंभ करितात, पण वरणाचें नुसतें पाणी किंवा पातळ पेज देतात. पाण्यासारख्या अन्नानें पोट भरतें, अंग भरत नाहीं. घांस चमच्यावर टिकेल इतका घट्ट असावा. मऊ भात व घट्ट वरण, दुधांत कुस्करलेली भाकरी, नाचणीची खीर, उकडून कुस्करलेला बटाटा, केळें, अंडें, शेंगदाण्याचें बारीक कूट, शेवग्याचा शिजवलेला पाला, आणि वर थोडें तेल किंवा तूप : यांतील बहुतेक जिन्नस गरीब घरींही अधूनमधून असतात. सहा ते आठ महिन्यांत दिवसांतून दोन-तीन वेळां, पुढें तीन-चार वेळां द्यावें; अंगावरचें दूध दोन वर्षें व त्यापुढेंही चालूं ठेवावें. त्याच पाहणीप्रमाणें सहा महिने ते दोन वर्षें या वयाच्या शंभर मुलांत अवघ्या अकरांना पुरेसा व निरनिराळ्या पदार्थांचा आहार मिळतो. यास कारण दारिद्र्य आहे खरें. परंतु एकटें दारिद्र्य नव्हे. ज्या घरीं अंडीं विकलीं जातात व त्याच पैशांनीं बाळासाठीं बिस्किटांचा पुडा येतो, तेथें उणीव माहितीची आहे.

बाळाला घाईनें कोंबूं नये, रागावून भरवूं नये. त्याच्याकडे पाहून, बोलत बोलत, त्याच्या वेगळ्या वाटींत भरवावें. म्हणजे त्यानें किती खाल्लें हें कळतें.

६. हगवण व छातीचें दुखणें

हगवणीनें मूल मरतें तें मुख्यतः अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. म्हणून हगवणींत पाणी व दूध बंद करणें म्हणजे सुकत्या रोपाचें पाणी तोडणें आहे. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालच्या सीमेवर आले व छावण्यांत पटकी पसरली. बनगांव येथें शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर-मिठाचें पाणी करवून तें रोग्यांच्या नातेवाईकांकरवींच पाजविण्याचें धाडस केलें. जेथें शंभरांत सुमारें तीस रोगी मरत, तेथें तें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. तेंच पाणी आज ‘ओआरएस’च्या पुडींत आशा सेविकेकडे मिळतें. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच, बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यांत सारी पुडी विरघळवावी. दोन वर्षांच्या आंतील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानें पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या द्याव्या. जुलाब थांबले म्हणून मध्येंच सोडूं नये. दूध व जेवण चालूंच ठेवावें. शौचांत रक्त, डोळे खोल जाणें, किंवा पाणी पिण्याचीही शक्ति न उरणें, हीं दवाखान्यास नेण्याचीं चिन्हें आहेत.

छातीच्या दुखण्यास, म्हणजे न्युमोनियास, कित्येक ठिकाणीं बायका डबा म्हणतात. तें ओळखण्यास नळी लागत नाहीं, घड्याळ लागतें. मूल शांत असतांना त्याचें पोट एक मिनिटभर पाहून श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरल्यास त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. चुलीचा व विडीचा धूर बाळाच्या छातीचा वैरी आहे. तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन चुलीपुढें बसूं नये, व घरांत विडी ओढूं नये.

७. बाळाच्या मनाचें पोषण

येथवर शरीराचें झालें. पण मूल अन्नानें वाढतें, तसेंच तें बोलण्यानें व खेळण्यानेंही वाढतें. याविषयीं फार दूरच्या, पण आपल्यासारख्याच गरीब वस्तींतील एक उदाहरण आहे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १९८६-८७ सालीं कांहीं डॉक्टरांनीं वाढ खुंटलेलीं १२९ मुलें निवडलीं; तीं नऊ महिने ते दोन वर्षें या वयाचीं होतीं. त्यांतील कांहींच्या घरीं आरोग्यसेविका आठवड्यांतून एकदां, तासभर, अशा दोन वर्षें गेल्या. त्यांनीं पैसे वांटले नाहींत. घरांतल्या टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून बाळाशीं कसें खेळावें, कसें बोलावें, त्यानें कांहीं केलें तर शाबासकी कशी द्यावी, एवढेंच त्या आईला दाखवीत. वीस वर्षांनीं तीं मुलें मोठीं होऊन कमावूं लागलीं, तेव्हां ज्यांच्या घरीं या भेटी झाल्या नव्हत्या अशा तशाच मुलांपेक्षां त्यांची कमाई सुमारें २५ टक्क्यांनीं अधिक भरली. हा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला.

आपल्या घरीं हेंच करावयास काय अडचण आहे? डब्यांत चार चिंचोके घातले कीं खुळखुळा होतो. भांडीं घांसतांना ‘ही वाटी, हा तांब्या’ असें बाळास सांगतां येतें. पाळण्यांतील गाणीं, बडबडगीतें, ‘इथें इथें बस रे मोरा’चा खेळ, हें आपल्या आजीबाईंचें धन आहे, तें निरुपयोगी समजून टाकूं नका. बाळ हुंकार देतें तेव्हां त्याला उत्तर द्यावें. तें त्याचें संभाषणच आहे. रडतें म्हणून त्याच्या हातीं मोबाईल देणें हें पोट भरण्यासाठीं हातावर माती देण्यासारखें आहे. आणि मारून कोणतेंही मूल शहाणें झालेलें नाहीं. तें फक्त भितें.

८. आईला आधार कोणाचा?

आतां वाचक विचारतील : हें सारें एकट्या आईनें करावें काय? पहांटे पाणी भरणारी, दिवसभर खुरपणारी व रात्रीं भाकऱ्या थापणारी बाई मुलाला चार वेळां कधीं भरवील व त्याच्याशीं कधीं खेळेल? हा प्रश्न रास्त आहे, आणि याच ठिकाणीं पुष्कळ उपदेश फुकट जातो. उपदेश आईला करितात. पण तिच्या डोक्यावरचा हंडा कोणी उतरवीत नाहीं.

बापानें पाणी भरावें, दवाखान्यांत बरोबर जावें, मजुरीचे पैसे गुत्त्यांत न देतां घरीं आणावे, आणि बाळास अंगाखांद्यावर खेळवावें. यांत पुरुषपणा कमी होत नाहीं. सासूनें, जिच्या शब्दाविना घरांत कांहीं चालत नाहीं, या नव्या गोष्टी प्रथम स्वतः समजून घ्याव्या. आजीनें मनावर घेतल्यास सुनेचें अर्धें ओझें उतरतें. मुलगी झाली म्हणून दूध, औषध किंवा दवाखाना यांत हात आंखडतां घेऊं नये. बाळंतपणानंतर कित्येक बायका खिन्न होतात, झोंपत नाहींत, विनाकारण रडतात, बाळाकडे पाहत नाहींत. ही बाधा नव्हे, आळसही नव्हे; हें दुखणें आहे व उपचारानें बरें होतें. तिला एकटी ठेवूं नये, व डॉक्टरांस सांगण्यास लाजूं नये.

९. सरकारी व्यवस्था व तिचा उपयोग

१९७५ सालच्या २ ऑक्टोबरास एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आपली अंगणवाडी ही तिचीच शाखा. तेथें दर महिन्यास बाळाचें वजन व्हावें व तें कार्डावर मांडलें जावें. वजनाची रेघ वर चढत नसेल, तर बाळ हंसतें-खेळतें दिसत असलें तरी सावध व्हावें. सहा महिन्यांवरील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांपेक्षां कमी भरल्यास तें तीव्र कुपोषित समजतात. त्याला उपचारासाठीं पाठविण्यास क्षणाचाही विलंब नको.

आशा सेविकेनें इस्पितळांत जन्मलेल्या बाळाच्या घरीं ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशीं भेट द्यावयाची असते. घरीं प्रसूति झाल्यास पहिल्या दिवशींही. पुढें ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांनीं आणखी भेटी ठरलेल्या आहेत. या तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्या. ती आली नाहीं तर तिच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं तिला निरोप पाठवावा. तिच्याकडेही अनेक वाड्यावस्त्या असतात.

लसी जन्मतःच सुरू होतात. पुढें दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनीं, नऊ महिने पुरे झाल्यावर, आणि दीड वर्षाच्या सुमारास द्यावयाच्या असतात. लसीनंतर एखादा दिवस ताप येतो, त्यास भिऊन पुढील लस चुकवूं नये. ज्या पोलिओनें आपल्या गांवोगांव मुलें पांगळीं केलीं, त्याचा देशांतील शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत नोंदला गेला. हें लसीचें फळ आहे. सरकारी दवाखान्यांतील प्रसूति, व वर्षाच्या आंतील आजारी बालकाचा औषधोपचार विनामूल्य आहे. जाण्यायेण्याच्या वाहनाचाही खर्च मागूं नये असा नियम आहे. तांतडीच्या वेळीं १०८ या क्रमांकावर बोलवावें. जेथें दवाखान्यांत औषध नसतें, अंगणवाडींत वजनकांटा मोडलेला असतो, किंवा वस्तीपर्यंत वाट नसते, तेथें एकट्या आईनें भांडून भागत नाहीं. तें गाऱ्हाणें गांवानें एकत्र होऊन ग्रामसभेंत मांडावें, व उत्तर मिळेपर्यंत सोडूं नये. उंबरठ्याच्या आंतील काम घरचें. उंबरठ्यापर्यंतची वाट गांवाची व सरकारची. दोन्ही बैल जुंपल्याविना गाडी चालत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांत गेल्या दोन वर्षांत किती बालकें दगावलीं? प्रत्येकाच्या वेळीं कोणती मदत वेळेवर आली नाहीं? (कोणाही आईस दोष न देतां बोलावें.)

२. चीक टाकणें, गुटी देणें, हगवणींत दूध तोडणें, डागणें, यांपैकीं कोणत्या चाली आपल्या आळींत अजून आहेत? त्या सोडविण्यास कोणाचा शब्द चालेल?

३. जामखेडास शिकलेल्या परिचारिकेपेक्षां गांवची निरक्षर बाई अधिक उपयोगी कां ठरली?

४. बाळंतिणीचा भार हलका करण्यासाठीं तिच्या घरच्या पुरुषांनीं कोणतीं तीन कामें उचलावीं?

या आठवड्याचें काम

आपल्या वस्तींतील गरोदर बायका व दोन वर्षांच्या आंतील मुलें यांची यादी करा. आशा व अंगणवाडी सेविका यांस बोलावून ती त्यांच्या यादीशीं ताडून पहा; एखादें नांव सुटलें असेल तर तें लिहवून घ्या. ज्या घरीं चाळीस दिवसांच्या आंतलें बाळ असेल, तेथें एका समंजस बाईनें एक दिवसाआड जावें : बाळ उबेंत आहे ना, दूध पितें ना, आणि त्याची आई जेवली ना, एवढें विचारावें, आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ आल्यास परत जाण्यापूर्वीं तिच्या ताटांत भाकरी वाढावी.